ताणसंप्रेरके आणि जठराचे अस्तर

ताणाच्या वेळी स्रवणारी कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन ही संप्रेरके जठराच्या आतल्या आवरणावर परिणाम करतात. ‘टेन्शनने ॲसिडिटी वाढते’ असे सर्रास म्हटले जाते. पण बहुतेक वेळा आम्ल वाढण्यापेक्षा अस्तराचे संरक्षण ढासळणे जास्त घातक ठरते.

जठरातल्या आम्लाचा सामू (पीएच; जितका कमी, तितके आम्ल तीव्र) १ ते २ पर्यंत उतरतो. तरी जठर स्वतःलाच पचवत नाही, कारण अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्यात मुरलेल्या, आम्ल शमवणाऱ्या बायकार्बोनेटमुळे पेशींलगतचा सामू ७ च्या आसपास राहतो. हे बायकार्बोनेट पुरवते आणि आत झिरपलेले आम्ल वाहून नेते ते रक्त. ताणात नेमकी तिथेच काटछाट होते. ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिनमुळे जठराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हृदय, स्नायूंकडे वळते.

कॉर्टिसॉलचे काम इतके सरळ नाही. श्लेष्मा व रक्तपुरवठा राखणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांची निर्मिती ते दाबते. मात्र उंदरांत कॉर्टिसॉलच्या गटातल्या संप्रेरकांचा स्राव रोखला, तेव्हा ताणाने होणारे व्रण (अल्सर) उलट वाढले. थोडा वेळ वाढलेले कॉर्टिसॉल अस्तराला सावरते. दीर्घकाळ चढे राहिले, तर जखमा भरायला वेळ लागतो.

१८२२ मध्ये बंदुकीच्या गोळीने ॲलेक्सिस सेंट मार्टिन याच्या पोटाला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्यातून डोकावून पाहिले: भीती किंवा रागाच्या वेळी अस्तर कधी लाल व कोरडे, कधी फिकट होई आणि पाचकरस घटे. १९३६ मध्ये ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांना ताणाखालच्या उंदरांत अधिवृक्क ग्रंथींच्या (मूत्रपिंडांवरच्या, ही संप्रेरके स्रवणाऱ्या ग्रंथींच्या) वाढीबरोबर जठरव्रणही आढळले. पुढे ‘अल्सर म्हणजे काळजीचा आजार’ हे समीकरण रूढ झाले. १९८२ मध्ये बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूचे संवर्धन केल्यावर ते मोडले. बहुतेक व्रणांमागे हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. तरी ताण पुरता निर्दोष सुटला नाही. १९९५ च्या जपानमधील कोबे भूकंपानंतर रक्तस्रावी व्रणांचे रुग्ण वाढले होते.

गंभीर भाजणे, जंतुदोष किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच अस्तरावर उथळ व्रण उमटू शकतात. म्हणून दोन दिवसांहून अधिक काळ व्हेंटिलेटरवर असलेल्यांना अनेकदा आम्लरोधक औषधे देतात. मेंदूच्या इजेत मात्र मेंदूपासून जठरापर्यंत जाणारी व्हेगस चेता (नस) चाळवल्याने आम्लही खरोखरच वाढते.