बी घेण्याआधी हे वाचा : दहा बाय तीनचा भाजीचा वाफा

रो-हाउसच्या मागची पट्टी असो की सोसायटीच्या कंपाउंडलगतचा तुकडा, ठाणे-नवी मुंबईत भाजी किडीपेक्षा पाण्यानेच जास्त मरते. पावसाच्या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं आणि इमारतींभोवतीची जमीन पुष्कळदा मुरूम-डेब्रिजचा, रोलर फिरवून आवळलेला भराव असते. त्यावर सहा इंच लाल माती पसरून लावलेली वांगी जुलैत पिवळी पडतात, कारण मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात. मग घाईने खत घातलं जातं आणि रोप आणखी लवकर जातं.

आधी एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसरं पाणी चार तासांत जिरलं नाही तर थेट जमिनीत काही लावू नका, वाफा उचलूनच घ्या.

वाफा

रुंदी तीन फुटांच्या वर नको, नाहीतर मधल्या रोपापर्यंत हात पोचत नाही आणि माणूस वाफ्यात पाय देतो. लांबी दहा, उंची एक फूट. कडेला जांभ्याचे चिरे सिमेंट न लावता रचा, फटींतून पाणी निघून जातं. तळाची जमीन पहारीने सहा इंच मोकळी करा. खाली प्लास्टिक अंथरू नका. वाफ्याच्या उताराकडच्या बाजूला वीतभर खोल चर काढा.

भरण्यासाठी पाच घमेली लाल माती, तीन घमेली कुजलेलं खत, एक घमेलं भाताचं तूस, हे प्रमाण धरा. अशा वाफ्याला साधारण 60 ते 70 घमेली लागतात. सगळं मिसळताना तीन किलो निंबोळी पेंड टाका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आमच्या दुकानात मिळतं, पण पावसाळी वाफ्यात ते घालू नका. पाणी धरून ठेवणं हाच त्याचा गुण आणि इथे तोच नडतो. ताजं शेणही नको, त्याबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. गांडूळ खताची गोणी उघडून वास घ्या : पहिल्या पावसाचा वास आला तर खत तयार, शेणाचा आला तर कच्चं.

जूनमध्ये काय

टोमॅटो, कोबी, फ्लॉवर मागू नका. बी देऊ शकतो, पीक नाही. दोडका, पडवळ, कारलं, काकडी, भेंडी आणि अळू हे इथल्या पावसाचे. कारल्या-दोडक्याचं बी बारा तास भिजवून मेअखेरीस पिशवीत रुजवा आणि पावसाने जोर धरला की वाफ्यात दोन-दोन फुटांवर लावा. मांडव सहा फूट उंच हवा. भेंडीच्या दोन रोपांत एक फूट ठेवा. पानाच्या शिरा पिवळ्या पडलेलं रोप त्याच दिवशी उपटा. तो पांढरी माशी पसरवते तो विषाणू आहे, त्यावर फवारणी नाही.

वेलांचं खरं दुखणं फळमाशी. कोवळ्या फळाला टाचणीएवढं छिद्र दिसतं, आठ दिवसांत ते वाकडं होऊन सडतं. सापळा घेताना नीट सांगा : वेलभाज्यांना क्यू ल्यूर (नर माशीला ओढणारा वास) लागतो. आंब्यासाठीचा मिथाइल युजेनॉल लावून ‘सापळा चालत नाही’ म्हणणारे दरवर्षी येतात. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून फळ बोटाएवढं झालं की कागदी पिशवीही बांधा. किडकी फळं कंपोस्टमध्ये नकोत, काळ्या पिशवीत गाठ मारून आठवडाभर उन्हात ठेवा.

गोगलगायींसाठी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाका. पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. वाफ्यात मीठ टाकाल तर गोगलगायीबरोबर मातीही जाईल.

मावा आणि भुरी

मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला की आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 2 मिली द्रवरूप साबण ढवळा आणि पानांच्या खालून, ऊन उतरल्यावर मारा. दुपारी मारलं तर पानं करपतात. हिवाळ्यात काकडीवर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली तर एकास दहा पाण्यात ताक.

ओला कचरा

कंपोस्टच्या ड्रममध्ये एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुका पाला. कुबट वास म्हणजे पाला कमी पडला. जाड करड्या अळ्या दिसल्या तर घाबरून ड्रम ओतून देऊ नका, त्या कचराच खातात.

ऑक्टोबरनंतर

मेथी, मुळा, लाल माठ, वाल, आणि आता टोमॅटो. पालेभाजी महिन्यात हाती येते. मेथी दर दहा दिवसांनी थोडी-थोडी पेरा, नाहीतर एकदम आठ जुड्या होतात.

खाडीलगतच्या बोअरवेलचं पाणी खारं असू शकतं. मातीवर पांढरी पापुद्री धरली की तोच संशय घ्यावा. दुकानात येताना बाटलीभर पाणी आणा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) इथेच मोजून देतो. 450च्या आत असेल तर निर्धास्त, 2000च्या वर असेल तर त्या पाण्यावर भाजी लावू नका.