क्लिकचा नेम का चुकतो?

वेबसाइट सोपी कशी करावी असे कुणालाही विचारा, दोन आकडे हमखास ऐकायला मिळतात. मेन्यूत सातापेक्षा जास्त पर्याय नकोत आणि कुठलीही माहिती तीन क्लिकच्या आत मिळायला हवी. यातल्या सातचे मूळ खरे आहे, वापर मात्र चुकीचा. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ च्या लेखात 'सात, दोन कमी किंवा दोन जास्त' हा आकडा आला, तो माणूस एका वेळी किती गोष्टी डोक्यात धरून ठेवू शकतो त्यासंदर्भात. मेन्यू तर डोळ्यांसमोरच असतो, तो पाठ कशाला करायचा? तीन क्लिकच्या नियमाला तेवढाही आधार नाही. आपण योग्य दिशेने चाललो आहोत असे वाटत असेल, तर माणूस पाच-सहा वेळाही बिनतक्रार क्लिक करतो.

मोजावे असे खरे म्हणजे एकेका क्लिकचे कष्ट. आणि ते मोजण्याची पद्धत माऊस घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी सापडलेली आहे.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या, हातात एक धातूची लेखणी. आलटून पालटून या पट्टीवर, मग त्या पट्टीवर, होईल तितक्या लवकर पण नेम न चुकवता टोकायचे. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून दोन इंचांपर्यंत आणि त्यांच्यातले अंतर दोन इंचांपासून सोळा इंचांपर्यंत बदलत नेले. निष्कर्ष असा निघाला की लागणारा वेळ नुसत्या अंतरावर ठरत नाही आणि नुसत्या रुंदीवरही नाही, तो दोन्हींच्या गुणोत्तरावर ठरतो, आणि तोही लॉगॅरिदमने. अंतराच्या दुपटीला रुंदीने भागा, आलेल्या संख्येचा दोन पायाचा लॉगॅरिदम घ्या, म्हणजे एक उरेपर्यंत तिला दोनाने किती वेळा भागावे लागते ते बघा. ती त्या हालचालीची अवघडता, 'बिट' या एककात. वेळ या बिटांच्या प्रमाणात वाढतो.

पडद्यावरचे उदाहरण घेऊ. माऊसचा बाण बटणापासून ४८० पिक्सेलवर आहे आणि बटण ३० पिक्सेलचे. ९६० भागिले ३० म्हणजे ३२, म्हणजे ५ बिट. बटण ६० चे केले तर ४ बिट, १२० चे केले तर ३, २४० चे केले तर २. माऊस वापरणारा हात ढोबळमानाने सेकंदाला चार-पाच बिट उरकतो, म्हणजे एका बिटाला सुमारे पाव सेकंद. आता खर्च बघा. पहिला बिट वाचवायला ३० पिक्सेल पुरले, दुसऱ्याला ६० लागले, तिसऱ्याला १२०. बारकी गोष्ट थोडी मोठी केल्याने जो फायदा होतो, तो मोठी गोष्ट अवाढव्य केल्याने होत नाही. पानभर पसरलेल्या 'आत्ताच घ्या' बटणामागे धावण्यापेक्षा कोपऱ्यातली, चौकट बंद करायची फुली वाढवणे जास्त फायद्याचे आहे.

पण लॉगॅरिदमच का? हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे, म्हणून जरा थांबू. हात एका झेपेत लक्ष्यावर पोचत नाही. आधी डोळे जवळजवळ न वापरता एक मोठी झेप घेतली जाते, आणि झेप जितकी लांब तितकी तिच्यातली चूक मोठी. मग डोळा उरलेले अंतर बघतो, मेंदू दुरुस्ती सांगतो, हात छोटी झेप घेतो. समजा प्रत्येक झेपेनंतर अंतराचा दहावा भाग चूक म्हणून उरतो. ४८० पिक्सेलची पहिली झेप, चूक ४८. बटण १२० रुंद असेल तर मध्यापासून दोन्ही बाजूंना ६० पिक्सेलची मुभा आहे, म्हणजे काम झाले. ३० चे असेल तर मुभा १५ चीच; दुसरी झेप हवी, चूक ४.८ वर येते आणि नेम बसतो. ८ पिक्सेलची फुली असेल तर मुभा ४, म्हणजे तिसरी झेप. दर वेळी उरलेल्या अंतराला ठराविक संख्येने भागत जायचे आणि किती वेळा भागावे लागले ते मोजायचे, यालाच तर लॉगॅरिदम म्हणतात. प्रत्येक दुरुस्तीला डोळा-मेंदू-हात या फेरीचे एक-दोन दशांश सेकंद जातात. हात किंवा नजर अधू असलेल्यांची ही फेरी लांबते आणि चूकही जास्त उरते, त्यामुळे आठ पिक्सेलची फुली त्यांच्यासाठी जवळपास बंद दारच.

प्रत्यक्षात घोळ होतो तो दिसणारा आकार आणि दाबला जाणारा आकार यांत. मेन्यूतला पर्याय ऐसपैस चौकटीत दिसतो, पण पॅडिंग, म्हणजे अक्षरांभोवतीची आतली मोकळी जागा, यादीच्या घटकाला दिलेले असते आणि लिंक आतल्या अक्षरांपुरतीच जिवंत असते. चौकटीच्या कडेला क्लिक केले की काहीच घडत नाही. पॅडिंग लिंकलाच द्यावे आणि तिचा डिस्प्ले ब्लॉक करावा, म्हणजे ती पूर्ण चौकट व्यापते. ओळीची उंची २० पिक्सेल असेल तर वर-खाली बारा-बारा पिक्सेलच्या पॅडिंगने ती ४४ होते. मार्जिन, म्हणजे चौकटीबाहेरची मोकळी जागा, देऊन हे साधत नाही, कारण मार्जिनवर क्लिक होत नाही. चेकबॉक्स बहुतेक ब्राउझरमध्ये मुळात १३ पिक्सेलच्या आसपास असतो. त्याचे लेबल त्याला रीतसर जोडले की पूर्ण वाक्यच दाबता येते. हे एका ओळीचे काम आहे, तरी कितीतरी फॉर्ममध्ये राहून जाते.

बोटाचे गणित वेगळे. बोट लक्ष्यालाच झाकते, त्यामुळे शेवटची दुरुस्ती आंधळेपणाने होते. वेब सुलभतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्यात पालनाच्या तीन पातळ्यांपैकी मधल्या पातळीसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत (पुरेशी मोकळी जागा सोडली असेल तर सूट मिळते), आणि सर्वांत वरच्या पातळीसाठी ४४ बाय ४४. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे (डीपी हे पडद्याच्या घनतेनुसार जुळवून घेणारे एकक). मोबाइलवर २४ ला समाधान मानू नये; ती उत्तीर्ण होण्यापुरती रेषा आहे.

एकात एक उघडणारे, माऊस नेताच खाली पडणारे मेन्यू मात्र फिट्सच्याही सूत्रात बसत नाहीत. तिथे बाण एका अरुंद बोळातून न्यायचा असतो. अशा हालचालीचा नियम अ‍ॅकॉट आणि झाय यांनी १९९७ मध्ये मांडला: वेळ बोळाची लांबी भागिले रुंदी या प्रमाणात वाढतो, आणि इथे लॉगॅरिदमची सवलत नाही. २०० पिक्सेल लांब आणि २० पिक्सेल उंच पट्टीतून आडवे जाऊन उपमेन्यू गाठायचा, वाटेत बाण जरा तिरका गेला की मेन्यू मिटतो. उपाय सरळ आहे: मेन्यू क्लिकवर उघडावा. ते नको असेल तर मिटण्यापूर्वी थोडा विलंब ठेवावा.

आणि लक्ष्यच हलले तर? शेवटची झेप सुटल्यावर ती परतवायला वेळ उरत नाही. त्याच क्षणी वर जाहिरात उघडते, पान खाली सरकते आणि बोट भलत्याच जागी पडते. यात वापरणाऱ्याचा धांदरटपणा नाही. पानावरच्या प्रत्येक चित्राला रुंदी-उंची आधीच लिहून द्यावी आणि जाहिरातीच्या जागेला किमान उंची राखून ठेवावी. या सरकण्याचे गूगलचे मोजमाप ०.१ पर्यंत चांगले मानले जाते, पण वापरणाऱ्याने काही दाबल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदातले सरकणे त्यात धरलेच जात नाही. तेव्हा गुण उत्तम आणि पान तरी उड्या मारते आहे, असे होऊ शकते.

बटणाचा रंग बदलला आणि विक्री दुप्पट झाली, अशा गोष्टी अधूनमधून फिरत असतात. त्यांची लायकी ताईताएवढी. पार्श्वभूमीत विरघळलेले बटण उठून दिसू लागले तर फरक पडेलच, पण ते श्रेय फरकाचे, त्या रंगाच्या अंगच्या गुणाचे नव्हे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, हा तपासता येणारा नियम आहे. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचे ते २१ ला १ भरते.

फिट्सचा नियम उलटाही चालतो. 'कायमचे पुसा' हे बटण 'जतन करा'ला चिकटून ठेवू नये. तिथे अंतर मुद्दाम वाढवावे. आणि ज्यांना हे गणित चांगले कळते, ते ते वाईट कामालाही लावतात. कुकीजच्या चौकटीत 'सर्व स्वीकारा' हे रुंद, भरीव बटण असते, तर 'नाकारा' ही फिकट राखाडी, अक्षरांपुरती जिवंत लिंक.

आपल्या पानाचे खरे रूप बघायचे असेल तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणाऱ्या नियमांत, सगळ्या लिंक, बटणे आणि लेबले यांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या आणि पान मोबाइलवर उघडा. ज्या लाल चौकटी अंगठ्याखाली पूर्ण झाकल्या जातात आणि शेजारच्या चौकटींना टेकलेल्या आहेत, दुरुस्तीची सुरुवात तिथून करा.