पार्श्वभूमी : ओहमपासून मिलिलिटरपर्यंत
छातीत रुग्णाला जाणवणारही नाही इतका क्षीण, उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडायचा आणि संरोध (प्रवाहाला शरीरातून होणारा अडथळा, म्हणजे इम्पिडन्स) कसा बदलतो ते पाहायचे, हे तंत्र १९४० च्या दशकात आकाराला आले. त्याला ‘इम्पिडन्स प्लेथिस्मोग्राफी’ म्हणू लागले आणि गोंधळ या नावापासूनच सुरू झाला. प्लेथिस्मोग्राफी म्हणजे आकारमानातल्या बदलाची नोंद. यंत्र मोजते ते ओहम, म्हणजे संरोधाचे एकक. मधले अंतर गृहीतकांनी भरायचे.

ते भरण्याचा सर्वांत वजनदार प्रयत्न १९६६ चा. अंतराळवीरांच्या हृदयाचे काम शरीरात नळी न घालता मोजता यावे, म्हणून मानेभोवती आणि छातीच्या तळाशी पट्टीसारखे इलेक्ट्रोड बांधले गेले आणि दर ठोक्याला किती रक्त बाहेर पडते याचे सूत्र मांडले गेले. छातीचा मूळ संरोध साधारण २५ ओहम. ठोक्यागणिक फरक पडतो जेमतेम ०.१ ते ०.२ ओहम. सूत्राने छातीला सरळ दंडगोल मानले. त्यात इलेक्ट्रोडमधल्या अंतराचा वर्ग येतो, म्हणजे टेप ५ टक्के चुकली की उत्तर १० टक्क्यांनी चुकते.

१९८० च्या दशकात दंडगोलाच्या जागी छिन्नशंकू (टोक कापलेला शंकू) आला आणि टेपही गेली : छातीची लांबी उंचीच्या १७ टक्के धरायची, आणि सूत्रात तिचा घन. माझ्या मते खरी चूक इथे झाली. सोय झाली, पण मोजमापापेक्षा रुग्णाची उंचीच उत्तर ठरवू लागली. शिवाय ठोक्यागणिक संरोध नेमका कशाने घटतो, महाधमनी फुगल्याने की वेगात वाहताना तांबड्या पेशी एका दिशेत वळल्याने, हा वाद मिटलेला नव्हताच. पुढची काही सूत्रे तर पेशींच्या वळण्यावरच उभी राहिली.

ज्या वापरांनी रक्त मिलिलिटरमध्ये मोजण्याचा हट्ट धरला नाही, ते टिकले. अतिदक्षता विभागातला मॉनिटर ईसीजीच्याच इलेक्ट्रोडवरून श्वास मोजतो. मात्र श्वासमार्ग अडला तरी छाती हलत राहते आणि तो श्वास मोजतच राहतो. छातीभोवतीच्या १६ इलेक्ट्रोडवरून फुप्फुसाचा कोणता भाग हवा घेतो ते दाखवणारी प्रतिमाही १९८० च्या दशकातलीच. आता ती व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या खाटेशी पोचली आहे. हृदयविकाराच्या रुग्णात बसवलेली उपकरणेही संरोध घटला की फुप्फुसात पाणी साचत असल्याचा इशारा देऊ लागली, पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या इशाऱ्यांमुळे रुग्णालयात भरती होणे उलट वाढले.