कचऱ्यापासून ऊर्जा (ग्रामीण विदर्भ)

घरातला, वावरातला आणि कारखान्यातला टाकाऊ माल खड्ड्यात न पुरता त्यातून गॅस, उष्णता किंवा वीज काढणे. शहरात हा विषय डम्पिंग यार्डापासून सुरू होतो. नागपूरच्या भांडेवाडीत उन्हाळ्यात धुमसणारे ढीग सगळ्यांनी पाहिले आहेत. खेड्यात तसा डोंगर साचत नाही, कारण तिथल्या बहुतेक ‘कचऱ्या’वर आधीच कुणाचा तरी हक्क असतो. कुटार (भुसा) ढोरांचे, पऱ्हाटी-तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या) चुलीच्या, शेण वावराचे. त्यामुळे कचरा किती निघतो, याआधी तो आज कोण वापरतो हे विचारावे लागते. प्रकल्प अहवालांत नेमका हाच प्रश्न गळालेला असतो.

ढोबळ नियम असा: ओले कुजवायचे, कोरडे जाळायचे. तो मोडला की काय होते, हे दिल्लीच्या तिमारपूर प्रकल्पाने दाखवले. दिवसाला ३०० टन कचरा जाळून वीज काढण्यासाठी तो १९८७ मध्ये उभा राहिला आणि लवकरच बंद पडला. कचरा ओला होता, त्याला पुरेशी आचच नव्हती.

कुजवण्याचा विदर्भातला ओळखीचा प्रकार म्हणजे गोबर गॅस. शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवून हवाबंद टाकीत सोडले की जिवाणू त्यातून मिथेन काढतात. गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. एक किलो ताज्या शेणातून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यात भागतो. जुन्या खादी आयोग पद्धतीत लोखंडी डोम गॅस भरेल तसा वर उचलला जातो. तो गंजतो, म्हणून १९८४ मध्ये आलेला विटांचा ‘दीनबंधू’ घुमट पुढे जास्त चालला. ज्योत फडफडू लागली की समजायचे, नळीत पाणी साचले. सखल जागेची तोटी उघडून ते काढले की काम होते. एवढे न सांगितल्यामुळे कित्येक संयंत्रे ‘बिघडली’ आणि त्यांत आज पऱ्हाट्या रचलेल्या दिसतात.

खरी अडचण शेणाची आहे. सकाळी ढोरे आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागी, जमतात, गुराखी ती चारायला नेतो आणि दिवसभराचे शेण रानात पडते. गोठ्यात उरते ते फक्त रात्रीचे. त्यात ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जिवाणू सुस्तावतात आणि मे महिन्यात प्यायलाच पाणी नसते, तर शेण कालवणार कशात? मात्र बाहेर पडणाऱ्या गाळात नत्र टिकून राहते, त्यामुळे वावराचा वाटा बुडत नाही. गोवऱ्या थापल्या की तो बुडतो. २०१८ मध्ये आलेल्या केंद्राच्या ‘गोबरधन’ योजनेत गावाचे शेण आणि ओला कचरा एकत्र करण्याची कल्पना आहे. एका घराचे तुटपुंजे शेण तिथे अडचण ठरत नाही, पण रोज ते गोळा कोण करणार, हे गावाला आधी ठरवावे लागते.

कोरड्या बाजूला पूर्व आणि पश्चिम विदर्भ वेगळे पडतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस (टरफल) निघते. ते जाळून वाफ आणि वीज काढता येते; एका युनिटला अंदाजे दीड किलो तूस लागते. राखही तुसाच्या पाचव्या हिश्शाएवढी उरते आणि ती बहुतांशी सिलिका असते. पूर्वी फुकट दिले जाणारे तूस गिऱ्हाईक मिळताच विकले जाऊ लागते, आणि स्वस्त जळणावर आखलेल्या वीजप्रकल्पाचे गणित तिथेच फसते.

यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडे पऱ्हाटी आहे, हेक्टरी दोन-तीन टन. वेचणी संपली की ती उपटून धुऱ्यावर (बांधावर) रचतात किंवा पेटवून देतात. रचलेल्या ढिगातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. २०१७ च्या हंगामात या अळीने केलेले नुकसान कापूस पिकवणारा कुणी विसरलेला नाही. म्हणजे पऱ्हाटी वेळेत उचलून भुगा करणे हे इंधनाइतकेच पीकसंरक्षणाचे काम आहे. नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात तिच्या जळणासाठी दाबलेल्या कांड्या आणि गोळ्या करण्याचे तंत्र शिकवले जाते. औष्णिक वीज केंद्रांत कोळशात अशा गोळ्या मिसळण्याचे केंद्राचे धोरण २०२१ चे आहे, आणि चंद्रपूर, कोराडी, पारस ही केंद्रे कापूसपट्ट्याला लागूनच आहेत. घोडे अडते ते वाहतुकीवर: पऱ्हाटी हलकी आणि फुगीर, ट्रॉली डोंगरासारखी दिसते पण काट्यावर थोडीच भरते. म्हणून भुगा करणारे यंत्र वावराजवळ लागते.

उरते प्लास्टिक. त्यावर कुणाचाच हक्क नाही. पुनर्वापर होत नसलेला आणि किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देणारा कचरा पुरू नये, असे २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हटले होते. त्याला योग्य जागा म्हणजे सिमेंटची भट्टी, जिथे माल १,४५० अंशांपर्यंत तापतो. असे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-राजुऱ्याच्या चुनखडीवर उभे आहेत. मेळघाटातल्या धारणीहून ते विदर्भाचे दुसरे टोक. गुटख्याच्या पुड्या आणि बियाण्याच्या पिशव्या इतक्या लांब पाठवण्याइतका भाव कुणी देत नाही. म्हणून त्या ग्रामपंचायतीच्या मागे जमतात आणि संध्याकाळी कुणीतरी काडी लावतो.