थेट शेतकऱ्याकडून घेताना: खर्चाचा मागचा हिशेब

आठवडी बाजारात बांधावरची भाजी घेतानाही आपण भाव पाडून मागतो. पण शेतमालाला ‘खर्च’ किती येतो, हा प्रश्न मराठवाड्यात तसा अलीकडचा. बलुतं चालू होतं तोवर सुतार-लोहाराचं देणं खळ्यावर धान्य मोजून भागे. बियाणं कणगीतलं, खत उकिरड्यावरचं, बैलांना ज्वारीचा कडबा. रोख पैसा लागे तो शेतसारा भरायला नि सावकाराला.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३० साली शेतमालाच्या बाजाराचा कायदा झाला, पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा आला. दोन्हींचा रोख मापात मारलं जाऊ नये याकडे होता. भाव ठरवताना खर्चाचा विचार पुढे आला तो १९६५ मध्ये केंद्राने कृषिमूल्य आयोग नेमल्यानंतरच्या काळात.

मग पीकच बदललं. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, ज्वारीची भाकरी मागे पडली आणि रानात सोयाबीन आलं. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे बैल गेले. नांगरटीला ट्रॅक्टर, म्हणजे रोख डिझेल. खर्च वाढला असं आपण म्हणतो. खरं तर आधी घरातून भागणारं आता दुकानातून येतं.

हा खर्च मोजायच्याही तऱ्हा आहेत. बियाणं, खत, फवारणी, मजुरी या रोख खर्चात घरच्यांची राबणूक मिळवली की एक आकडा येतो. स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, आणि गुंतवलेल्या पैशाचं व्याज धरलं की तोच फुगतो. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के जास्त भाव मागितला होता. सरकारने २०१८ मध्ये दीडपट मान्य केली, पण पहिल्या आकड्यावर. २०२५-२६ साठी सोयाबीनचा खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला आणि हमीभाव दिला ५,३२८. वादाचं मूळ इथेच आहे, आणि माझ्या मते खंड न धरणं ही पळवाट आहे.

फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्याच सुमारास शहरांत शेतकरी बाजार भरू लागले. लातूरकडची बोरसुरी तूरडाळ भौगोलिक मानांकनही मिळवून बसली. थेट डाळ घेणाऱ्याने एक हिशेब मात्र जवळ ठेवावा. १०० किलो तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते, उरलेलं चुणी आणि फोलपट. २०२५-२६ च्या क्विंटलला ८,००० रुपये हमीभावाने तूर किलोला ८० रुपये. म्हणजे डाळीचा नुसता माल ११४ रुपयांच्या घरात. भरडाई, पोती आणि गाडीभाडं वेगळं.