कीटकांचे लवचिक पंख आणि पाण्याचे थेंब

पावसाचा थेंब कीटकाच्या पंखावर आदळला की पंख वाकतो, किंचित पिळवटतो आणि पुन्हा सरळ होतो. तेवढ्यात थेंब पसरतो, आक्रसतो आणि बहुधा उसळून निघून जातो. हे सगळे काही मिलिसेकंदांत उरकते. धक्का मोठा वाटला तरी कीटकाला खरा धोका असतो तो पाणी पंखाला चिकटून राहण्याचा.

२ मि.मी. व्यासाचा थेंब सुमारे ४ मिलिग्रॅम वजनाचा असतो आणि सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. डास भरतो जेमतेम २ मिलिग्रॅम! तरीही उडता डास वाचतो, हे अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये वेगवान चित्रीकरणातून दाखवले. डास इतका हलका की तो थेंबाला अडवतच नाही. काही अंतर त्याच्यासोबत खाली जातो आणि मग बाजूला निसटतो. थेंबाचा वेग फारसा कमी होत नाही, म्हणून डासावरचे बलही बेताचेच राहते. मात्र तोच डास कठीण पृष्ठभागावर बसलेला असेल तर हा बचाव लागू पडत नाही.

पंख म्हणजे शिरांच्या सांगाड्यावर ताणलेला, कायटिनचा (कीटकांचे कवच ज्याचे बनते त्या पदार्थाचा) पातळ पडदा. चतुराच्या पंखात शिरांच्या काही सांध्यांमध्ये रेझिलिन हे रबरासारखे प्रथिन असते. पंख वाकल्याने आघात जास्त वेळात विभागला जातो आणि कमाल बल घटते. लवचिकतेचा दुसरा फायदा कमी परिचित, पण जास्त रंजक आहे. पाणी अजिबात न धरणाऱ्या कठीण पृष्ठभागावर १ मि.मी. त्रिज्येचा थेंब साधारण १० मिलिसेकंद टेकतो, आणि आदळण्याचा वेग बदलला तरी या वेळेत फारसा फरक पडत नाही. पृष्ठभाग लवचिक असेल आणि त्याची उसळी थेंबाच्या आक्रसण्याशी जुळली, तर थेंब लवकर फेकला जातो. प्रयोगांत हा वेळ जवळपास निम्म्यावर आलेला आहे.

पंखाच्या पोताचाही यात वाटा आहे. फुलपाखरांच्या खवल्यांवरील सूक्ष्म उंचवट्यांमुळे पसरणाऱ्या थेंबात लाटा उठतात, त्याला छिद्रे पडतात आणि तो फुटून विखुरतो. कॉर्नेल विद्यापीठातील २०२० च्या अभ्यासानुसार यामुळे संपर्काचा वेळ बराच घटतो. त्यामुळे पंखाला बसणारा धक्का आणि पाण्यात जाणारी उष्णता, दोन्ही कमी होतात. दुसरी बाब महत्त्वाची, कारण स्नायू गार पडले की उड्डाण कठीण होते. मॉर्फो फुलपाखराच्या पंखावर थेंब शरीरापासून दूर सहज घरंगळतो, उलट दिशेला मात्र अडकतो.

पाणी चिकटलेच तर हिशेब फिरतो. ०.१ मि.मी. जाडीचा पाण्याचा थर दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅम भरतो, म्हणजे खालच्या पडद्याच्या कितीतरी पट. हे ओझे टोकाकडे असेल तर पंख हलवणे जास्तच जड जाते. शिवाय पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या आक्रसण्याच्या ओढीमुळे, दोन ओले पंख एकमेकांना किंवा शरीराला चिकटतात. जीव जितका लहान, तितकी त्याच्या ताकदीच्या तुलनेत ही पकड घट्ट.

दवाची गोष्ट निराळी. सिकाडा या झाडांवर किर्र आवाज करणाऱ्या कीटकाच्या पंखांवर नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मापाचे खुंट असतात. त्यांवर साचलेले बारीक थेंब एकत्र आले की मोकळ्या झालेल्या पृष्ठीय ऊर्जेने आपोआप उडी मारतात आणि जाताना धूळही नेतात. त्यासाठी वारा किंवा उतार लागत नाही.

फुलपाखरांचे खवले झडल्यावर पुन्हा येत नाहीत. म्हणून वय झालेल्या, झिजलेल्या पंखांवर पाणी जास्त टिकते.