कॉइन रोल हंटिंग

कॉइन रोल हंटिंग : बँकेतून सुट्या नाण्यांचे बांधलेले रोल दर्शनी किमतीला घ्यायचे, घरी फोडायचे, त्यांतली जुनी चांदीची नाणी वेगळी काढायची आणि उरलेली चिल्लर पुन्हा बँकेत भरायची, असा हा अमेरिकेतला छंद. दुकानातून परत आलेली मोड खिशात टाकण्यापूर्वी निरखणे हे त्याचेच घरगुती रूप.

अमेरिकेने आपली चांदीची नाणी चलनातून कधी बाद केलीच नाहीत, म्हणूनच हा छंद शक्य झाला. १९६४ चे डाइम आजही कायद्याने दहाच सेंटचे आहे. त्यात मात्र सव्वादोन ग्रॅम चांदी असते आणि औंसाला ३० डॉलर भाव धरला तरी तिचे दोन डॉलरच्या वर होतात. बँकेतला रोखपाल ते दहा सेंटलाच देतो आणि दहा सेंटलाच घेतो. चांदी निघाली नाही तर मुद्दल जसेच्या तसे परत मिळते, जातो तो वेळ आणि पेट्रोल. छंद फुकटचा आहे असे सांगणारे हा दुसरा खर्च सहसा धरत नाहीत.

१९६४ पर्यंत डाइम, क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) ही नाणी ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे यांची असत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एकीकडे चिल्लरीची टंचाई पडली आणि दुसरीकडे चांदीची मागणी वाढली. १९६३ मध्ये भाव औंसाला १.२९ डॉलरवर पोचला, म्हणजे चांदीच्या डॉलरमधली धातू नाण्याच्या किमतीला भिडली. आणखी नऊ-दहा सेंट चढले की लहान नाणीही आटवायला परवडणार होती. २३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टरमधून चांदी पूर्ण गेली. तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचा पत्रा आला. हाफ डॉलरमध्ये ४० टक्के चांदी राहिली, तीही १९७० पर्यंतच.

नाणी साठवून कोणाचा फायदा होणार नाही, सरकारकडे चांदी मुबलक आहे, असे जॉन्सन यांनी त्या प्रसंगी बजावले होते. लोकांनी ते ऐकले आणि नाणी निवडून ठेवायला लागले. हीण नाणे चलनात फिरते आणि चोख नाणे पेटीत जाते, हा ग्रेशॅमचा नियम इतका उघडपणे क्वचितच दिसला असेल. मे १९६७ मध्ये चांदीची नाणी आटवण्यावर बंदी आली, १९६९ मध्ये ती उठली. जानेवारी १९८० मध्ये भाव पन्नास डॉलरच्या आसपास गेला तेव्हा ढीगच्या ढीग नाणी मुशीत गेली. आज रोलमध्ये सापडते ते या सगळ्या चाळण्यांतून सुटलेले.

ओळखण्याची पहिली खूण कड. हाफ डॉलरच्या रोलमध्ये वीस नाणी असतात. कागद फाडून ती चवड तशीच आडवी हातात धरायची. नव्या नाण्यांच्या कडेला तांब्याची तांबूस रेघ दिसते. त्या रांगेत एखादी कड पांढरीशुभ्र दिसली की ती ९० टक्क्यांची. ४० टक्क्यांचे नाणे फसवे असते : त्याची कड राखाडी आणि तांबूस झाक अगदी फिकट, म्हणून तिथे साल वाचावेच लागते. दुसरी खूण आवाज. नाणे वाजवून घेण्याची आपली जुनी रीत इथे अक्षरशः लागू पडते. टेबलावर टाकले की चांदी खणखणते, तांबे-निकेल बद्द वाजते. तिसरी खूण वजन : चांदीचे क्वार्टर ६.२५ ग्रॅमचे, नवे ५.६७ चे. म्हणूनच सुपरमार्केटमधली नाणी मोजणारी यंत्रे चांदीचे नाणे पुष्कळदा नाकारतात आणि जाणकार त्या यंत्राच्या परतीच्या खाचेत बोट घालून पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत.

पाच सेंटचे निकेल एरवी चांदीचे नसते. अपवाद महायुद्धाचा. १९४२ च्या मध्यापासून १९४५ पर्यंत निकेल धातू युद्धासाठी हवी होती, म्हणून या नाण्यात ३५ टक्के चांदी घालण्यात आली. मागच्या बाजूला मॉन्टिचेलो या अध्यक्ष जेफर्सन यांच्या घराच्या घुमटावर टाकसाळीचे ठळक मोठे अक्षर असते. त्यातल्या मँगनीजमुळे ही नाणी काळवंडतात आणि ढिगात मळक्या रंगावरूनच डोळ्यांत भरतात.

हंटरांचा जीव मात्र हाफ डॉलरवर. जॉन केनेडी यांची छबी असलेले हे नाणे १९६४ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर काही महिन्यांतच आले आणि लोकांनी ते आठवण म्हणून घरात ठेवले. पुढेही हाफ डॉलर हातोहात फिरला नाही. २००२ पासून अनेक वर्षे तो केवळ संग्राहकांसाठी पाडला जाई. त्यामुळे ड्रॉवरमध्ये पडलेले जुने नाणे एखादा वारस बँकेत भरतो तेव्हा ते न चाळलेलेच असण्याची शक्यता जास्त. ४० टक्क्यांची नाणी अधिक सापडतात, कारण सुरुवातीच्या निवडणाऱ्यांनी ९० टक्क्यांवरच डोळा ठेवला होता. क्वचित १९४७ पर्यंतची चालती लिबर्टी, म्हणजे चालत्या स्वातंत्र्यदेवतेची छबी, किंवा १९४८ ते १९६३ ची बेंजामिन फ्रँकलिन यांची छबी निघते आणि त्या दिवशी घरात दुसरा विषय नसतो.

पन्नास रोलांच्या हाफ डॉलरच्या खोक्यात हजार नाणी, पाचशे डॉलर. एका खोक्यात काही नाणी निघतील, पुढच्या चारांत एकही नाही. हे गळ टाकून बसण्यासारखेच आहे. यंत्राने बांधलेल्या रोलपेक्षा गिऱ्हाइकाने हाताने गुंडाळून आणलेला रोल अधिक आशेचा मानतात. चाळलेली नाणी जिथून घेतली त्याच शाखेत ओतायची नाहीत, हा अलिखित संकेत; त्यासाठी दुसरी बँक ठरलेली असते, तिला ‘डंप बँक’ म्हणतात. तरीही आपलीच नाणी फिरून आपल्याकडे येतात. ती ओळखता यावीत म्हणून काहीजण मार्करचा बारीक ठिपका देतात, आणि मग दुसऱ्याच कोणाचे ठिपके निघाले की कळते, परिसरात आपण एकटे नाही.

कॅनडात १९६८ मध्ये चांदी जाऊन निकेल आले. ते लोहचुंबकाला चिकटते, चांदी चिकटत नाही; तिथे त्यामुळे काम सोपे. भारतात हा खेळ रंगलाच नाही. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि राणीछाप, राजाछाप चोख रुपये पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने चलनातून बादच झाले. आपल्याकडचा बंदा रुपया मिळतो तो देवघरात, लक्ष्मीपूजनाच्या तबकात नाहीतर सराफाकडे, आणि तिथे तो वजनावर विकला जातो.

अमेरिकेत सापडलेली झिजकी नाणीही ‘जंक सिल्व्हर’ या नावाने धातूच्या भावातच खपतात. ती आटवायला आज कायद्याची आडकाठी नाही. डिसेंबर २००६ पासून बंदी आहे ती एक सेंटचे आणि पाच सेंटचे निकेल ही नाणी आटवण्यावर. तरी १९८२ पूर्वीची ९५ टक्के तांब्याची सेंट नाणी बरणीत साठवून ठेवणारे हंटर आहेतच.